पेन्सिलीनं लिहिलेली हजेरी

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, आणि नेमका तेव्हाच इथला कापूस जिनिंगला येतो. दिवाळीच्या बाजारासाठी दुकानांनाही माणूस हवा असतो. मग जो मिळेल त्याला ‘आठ दिवस बघू’ म्हणून कामाला लावतात.

माजलगाव भागातल्या एका जिनिंगमध्ये मी हजेरी लिहायचो. कायम माणसांची नावं शाईनं, ट्रायलवरच्यांची पेन्सिलीनं, असा तिथला नियम. माणूस टिकला तर नाव गिरवायचं, नाही तर खोडायचं. एका हंगामात सरकी पुढं ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये एका ट्रायलवरच्या पोराची दोन बोटं गेली. वडील विचारायला आले तेव्हा, ‘तो आमच्याकडं कामालाच नव्हता,’ असं उत्तर मिळालं. रजिस्टरात त्याच्या नावाच्या जागी कागद खरवडलेला होता. सोबत काम करणाऱ्या बाया साक्षीला उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं भरपाई मिळाली.

म्हणून धंदा करणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, माणूस जरूर पारखा, पण कागद करून. काम कोणतं, रोज किती, कधीपासून कधीपर्यंत आणि त्यात काय बघणार, हे लिहून एक प्रत त्याच्या हातात द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र सक्तीचंच केलंय. ट्रायलच्या दिवसांचाही रोज द्या, आणि तो किमान वेतनाच्या खाली नको.

काम हंगामापुरतंच असेल तर मुदतीची नेमणूक करा. तारीख संपली की नोकरी संपते. पण तोवर पगार-सवलती कायम माणसाइतक्याच, आणि वर्ष भरलं तर ग्रॅच्युइटीही. शिकवून तयार करायचा असेल तर शिकाऊ उमेदवार घ्या. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, तीसपासून पुढं बंधनकारक. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआयवाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन सरकारनंच ठेवलं. पैसे सरकारचे म्हणून अशा पोरांकडून नुसती झाडलोट करून घेऊ नका. ठेकेदाराकडून माणसं घेतलीत आणि त्यानं मजुरी बुडवली, तर ती तुमच्यावर येते.

उचल देऊन माणूस अडकवायची सवय मात्र आपल्या जिल्ह्यानं सोडायलाच हवी. पैसे फिटेपर्यंत सोडायचं नाही, ही वेठबिगारी झाली आणि १९७६ पासून तो गुन्हा आहे.

नाही ठेवायचं ठरलं तर तोंडावर सांगा आणि दोन दिवसांत हिशेब चुकता करा. ‘कळवतो’ म्हणून घरी पाठवलेला पोरगा निरोपाची वाट बघत बसतो, आणि तोवर गावातली शेवटची टोळीही कारखान्यावर पोचलेली असते.