तक्रार, मुदत आणि अपील

डॉक्टरांविरुद्ध तक्रार कोठे करावी, अशी विचारणा रुग्णांचे नातेवाईक आमच्या कार्यालयात करीत असतात. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. व्यावसायिक गैरवर्तनासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद. १९६५ च्या कायद्याने चालणारी ही परिषद डॉक्टरांस ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून नाव काही काळ वा कायमचे काढू शकते. भरपाई देण्याचा अधिकार तिला नाही.

२००२ च्या नियमांनुसार तक्रारीचा निकाल ६ महिन्यांत लागावयास हवा. न लागल्यास दिल्लीच्या भारतीय वैद्यक परिषदेस हस्तक्षेप करता येत असे आणि निकाल अमान्य असणाऱ्या कोणाही व्यक्तीस ६० दिवसांत तेथे अपील करता येई. २०२० मध्ये ती परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. त्याच्या २०१९ च्या कायद्यातील कलम ३० अपिलाचा अधिकार देते तो डॉक्टरांस. रुग्णाचा तेथे उल्लेख नाही. एकाच बाजूचा जमाखर्च तपासून सही करणारा लेखापरीक्षक आम्हां वाणिज्य शाखेच्या माणसांना तरी चालला नसता!

२०२३ मध्ये आलेली नवी नियमावली त्याच ऑगस्टात स्थगित झाली आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. त्यांनुसार मागणी केल्यावर उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. नातेवाइकांनी मागणी लेखी करून पोच घ्यावी; कागदांवाचून तक्रार टिकणे कठीण.

आमच्यासारखे न्यास दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करतात. किती तक्रारी ६ महिन्यांत निकाली निघाल्या, हे परिषदेनेही दरवर्षी छापावे, अशी आमची अपेक्षा आहे.