नेम आपला, तोटाही आपला

तुळशीची माळ गळ्यात घालताना आपण काही नेम पत्करतो. मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपास, रोजचा हरिपाठ, पंढरीची वारी. हे नेम वारकरी मंडळी प्रेमानं पाळतात. पण खरं बोलावं, दुसऱ्याच्या धनाला हात लावू नये, हाही त्याच माळेचा नेम आहे. त्याची परीक्षा टाळ वाजवताना होत नाही. ती होते दुकानात, शेताच्या बांधावर आणि मजुरी चुकती करताना.

मंडळी आम्हांस विचारतात, "प्रपंचात इतकं खरं वागून कसं भागायचं?" प्रश्न खोटा नाही. ज्याचं पोट काट्यावर, त्याला चार पैशांचा तोटा हा तोटाच असतो. उत्तरासाठी मनानं देहूस जाऊ.

तुकोबारायांच्या घरी वाणीपणा आणि सावकारी होती. सन 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात धंदा बुडाला, घरची माणसं गेली. पुढं त्यांनी येण्याची खतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण तिच्यातली एक गोष्ट ऐकताना निसटून जाते. महाराजांनी सगळीच खतं बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा आधी त्यांच्या हवाली केला, आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली, असं परंपरा सांगते.

केवढा बोध आहे यात! वैराग्य आपलं, तर तोटाही आपला. भावाच्या पोटावर पाय देऊन त्याग केला नाही.

आपण पुष्कळदा उलट करतो. एकादशीचा उपास आपला, आणि मजूरबाईला सांगतो, "आज एकादशी, पैशाचं उद्या बघू." वारीचं पुण्य आपलं, आणि मागं घरदार, गुरंढोरं सुनेच्या गळ्यात, तिला एका शब्दानं विचारलेलंही नसतं. पंगत आपल्या नावानं, आणि पैसा भावाचा बांध कोरून पिकवलेला! अशानं देव कसा भेटावा?

तेव्हा एक लहानसा नेम धरू. रात्री हरिपाठ झाला, की मनाला दोन गोष्टी पुसाव्या. आज कुणाचं माप कमी भरलं का? हाती पैसा असून कुणाचं देणं अडवलं का? तसं झालं असेल, तर सकाळी पहिलं काम ते चुकतं करण्याचं. तोटा होईल, पण तो आपल्या वाट्याचा. तो सोसला, तर माळ घातल्याचं सार्थक झालं.

रामकृष्णहरी.