परदेशी लहान ट्रॅक्टर व त्याचे सुटे भाग

बागाइतदार बंधूंनी परदेशी लहान ट्रॅक्टर घेतांना केवळ शक्ति व किंमत पाहूं नये. यंत्र कितीहि चोख असलें तरी झिजणारा भाग झिजणारच. आणि वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं.

१९६३ सालीं स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीनें परदेशी बनावटीचा बी-२७५ ट्रॅक्टर आपल्या उपनगरांतच, कांदिवलीस, बांधला. मूळच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतकी यंत्रांचा धंदा १९८५ सालीं परहस्तें गेला. तथापि येथील शेतकऱ्याचें अडलें नाहीं, कारण सुटे भाग येथेंच घडत होते.

यास्तव सौद्यापूर्वीं गाळणी, क्लच-प्लेट व पिस्टनच्या रिंगा यांचे नंबर लिहून घ्यावे, आणि ते भाग मुंबईच्या बाजारांत मिळतात कीं नाहीं, हें स्वतः पडताळावें. न मिळाल्यास सौदा सोडावा.