कात्रीने कापलेली पट्टी

अरे, परवा फोनवर तू सहज म्हणालास, गुडघ्यांसाठी शेजारच्या काकांची गोळी घेतोय, चांगला गुण आलाय. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. साठीत आलास, आता आत्याचं ऐक.

मीही हेच केलं होतं. आमच्या फ्रीगंजात घराबाहेर पडलं की मेडिकल. ‘भैया, वो घुटनेवाली देना’ म्हटलं की कात्रीने चार गोळ्या कापून हातात. दीड महिना रोज एक घेतली. बीपीची गोळी चालूच, त्यात मे महिना, पाणी पिणं कमी. एका सकाळी चपलेत पाय जाईना. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. तपासणीत क्रिएटिनीन वाढलेलं! डॉक्टरांनी ती गुडघ्यांची गोळी बंद केली, मग हळूहळू उतरलं.

त्यांनी तेव्हा नीट समजावलं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. बीपीची काही औषधं, लघवीची गोळी आणि अंगातलं आटलेलं पाणी, हे सगळं एकदम जमलं की मूत्रपिंड थकतं. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, म्हणून 2006 साली ते जनावरांना द्यायला बंदी आली. माणसाचं गिधाडासारखं होत नाही, पण आपल्या वयात मूत्रपिंडाची ताकद आधीच उतरलेली असते. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती वेगळीच. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता तुझा गोळ्यांचा डबा उघड. कापलेल्या पट्टीवर अर्धं नाव असतं, तारीख दुकानातच राहिलेली असते. ज्या तुकड्यावर पूर्ण नाव आणि तारीख नाही, तो घरात ठेवू नकोस. लाल रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. बारीक अक्षरं चष्मा लावून वाच. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळीतही तेच. नावं दोन, औषध एक, आणि मार यकृताला. सर्दीच्या गोळीनं म्हाताऱ्या पुरुषांची लघवी तुंबते, गुंगी येऊन माणूस रात्री पडतो.

काढ्यालाही हाच नियम, विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. रोज ज्येष्ठमध घेतलं तर बीपी चढतं. आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून आपल्या मनानं गोळी सोडू नकोस, ती गोळी चालू आहे म्हणूनच नॉर्मल आलंय.

डॉक्टरांकडे जाताना सगळं पिशवीत घालून ने. मलम, चूर्ण, काकांची गोळीसुद्धा. लाजू नकोस, मीही लाजले होते, त्यात दीड महिना गेला.

मंगळवारी पिशवी घेऊन ये, फ्रीगंजच्या टॉवरपाशी थांबते, डॉक्टरांकडे बरोबरच जाऊ. सकाळीच ये, दुपारी ऊन फार असतं. आणि तोवर काकांची गोळी घेऊ नकोस, गुडघे शेकत राहा.