मज्जारज्जूची दुखापत : रुग्ण घरी आल्यानंतर

बांधकामाच्या परांचीवरून पडून, झाडावरून कोसळून किंवा महामार्गावरील अपघातात कण्याला मार बसलेला रुग्ण पनवेल परिसरात अनेकांनी पाहिला असेल. शस्त्रक्रिया मोठ्या इस्पितळात होते. पुढची वर्षे मात्र घरी जातात आणि गाठ पडते ती गल्लीतल्या डॉक्टरांशी.

मज्जारज्जू जिथे दुखावते त्याखालची हालचाल जाते, संवेदनाही जाते. गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही. एकाच कुशीवर पडून राहिल्यास माकडहाड, खुबा, टाच येथे जखमा होतात. पूर्वी असे रुग्ण बहुधा या जखमांनी व मूत्रमार्गाच्या संसर्गानेच दगावत. १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लावली. तिला पैसा लागत नाही, रात्री उठणारे माणूस लागते. ते बहुधा आई नाहीतर पत्नी असते. घरातील पुरुषांनीही पाळी घ्यावी.

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी वा त्याहून वर दुखापत असेल तर आणखी एक धोका आहे. अशा रुग्णाचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते १०० इतकाच असू शकतो. लघवीची नळी तुंबली किंवा पोट साफ झाले नाही की तो एकाएकी चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. माझ्या परिचयातील एका गवंड्याला असेच झाले. दवाखान्यात दाब १४० भरला, तेव्हा "ठीक आहे, घरी न्या," असे सांगण्यात आले. "साहेब, यांचा नेहमी नव्वदच असतो," म्हणून त्याची पत्नी अडून बसली, तेव्हा पुन्हा तपासणी झाली. नळीला मांडीखाली पीळ पडला होता!

अशा वेळी रुग्णाला आडवे न ठेवता बसवावे, कपडे सैल करावेत, नळी पाहावी. तरीही दाब उतरला नाही तर १०८ ला फोन करावा. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नेहमीचा रक्तदाब व दुखापतीची जागा एका कागदावर लिहून पासबुकासारखी जवळ बाळगावी.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पुनर्वसनासाठी मुंबईत हाजीअली येथे केंद्र सरकारची संस्था आहे. अशा ठिकाणी गेल्यावर चाकाच्या खुर्चीपुरतेच न थांबता, ठराविक तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढण्याचे शिक्षणही मागून घ्यावे.