भाद्रपदातील प्रवास

आपल्याकडे प्रवास ठरतो तो महिन्यावर. 'पावसात नको, दिवाळीनंतर पाहू' हे वाक्य घरी जसे ऐकू येते, तसेच सहलीच्या बैठकीतही. यामागची परंपरा मात्र फार जुनी आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. आपल्या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, म्हणून त्याने विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाचे २४०. हिशेब तंतोतंत जुळतो! पावसात भिक्षूंनी हिंडायचे नाही, आणि त्यांची सोय समाजाने करायची, अशी ती पद्धत होती. पुढे मराठ्यांच्या फौजाही दसऱ्याला सीमोल्लंघन करूनच बाहेर पडत.

आपल्याला अशी सवड नाही. परीक्षा, दवाखाना, बाजार पावसासाठी थांबत नाहीत. तेव्हा भूगोलाचा विद्यार्थी म्हणून माझे म्हणणे असे की, भाद्रपदात महिना न पाहता दिशा आणि प्रहर पाहावा.

प्रथम दिशा. समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना थंड होतात व माथ्यावरच बहुतेक पाणी टाकतात. पलीकडे उतरताना ते तापतात, कोरडे होतात. म्हणून इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तर सिन्नर तालुका अवर्षणाचा. घोटीच्या रस्त्याने पांढुर्ली, साकूर असे पश्चिमेकडे जाऊ लागले की बाजरी मागे पडते आणि भाताची खाचरे दिसू लागतात. सिन्नरचे आभाळ पाहून घाटाची कल्पना करणे व्यर्थ होय.

आता प्रहर. हा मुद्दा अधिक महत्त्वाचा, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. आषाढ-श्रावणातला पाऊस वाऱ्याबरोबर येतो, रात्रंदिवस रिपरिपतो. भाद्रपदात वारे मंदावतात, मधूनमधून कडक ऊन पडते, ओली जमीन तापते आणि दुपारनंतर ढग उभे चढत जातात. मग संध्याकाळी विजा, गडगडाट, तासा-दोन तासांत धो धो पाऊस. हस्ताच्या पावसाची आपल्या वडीलधाऱ्यांना धास्ती वाटते ती यामुळेच. १ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे पूर्वा नक्षत्रात, संध्याकाळच्या अशाच पावसाने सरस्वतीला पूर आला आणि सिन्नर शहरात पाणी शिरले. अवर्षणाच्या गावात! अशा वेळी ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल, तर गाडी थांबवून बसावे. हे पाणी जसे झपाट्याने चढते तसेच बहुधा काही तासांत उतरतेही. घाई करणाऱ्याला तेवढे तास जड जातात.

मुंबईस जाणाऱ्याने परतीचाही विचार ठेवावा. २९ ऑगस्ट २०१७ रोजी, ऐन गणपतीत, तेथे तीनशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि लोकलगाड्या ठप्प झाल्या. पाऊस नसला तरी तिथली दमट हवा थकवते. घाम वाळतच नाही, त्यामुळे सिन्नरात सहज सोसते ते तापमान तिथे असह्य होते.

शिवाय पावसाळा लांबला आहे. हवामान खात्याने २०२० साली सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती, ती आता ८ ऑक्टोबर आहे. दसऱ्याचे गणितही त्यामुळे भरवशाचे राहिले नाही.

तरीही आमच्या विभागाची अभ्याससहल डिसेंबरात नेऊ नये असे मला वाटते. तेव्हा ओढे आटलेले, खाचरे रिकामी. पर्जन्यछाया शिकवायची ती कशावरून? गणपती विसर्जनानंतर आणि सोयाबीनच्या काढणीआधी एक दिवस काढावा. काढणी लागली की आमच्यातले निम्मे घरच्या शेतावर असतात, आणि त्यांच्यावाचून ही सहल म्हणजे पाहुण्यांची सहल. अधिक महिना आला की ही फट उरत नाही. २०२३ साली अनंत चतुर्दशीच २८ सप्टेंबरला आली. अशा वर्षी गणपतीआधीचा रविवार धरावा. सकाळी सहाला सिन्नर सोडायचे, आठच्या आत घोटी, तिथून भावली धरण. घाटात धुके असेल, त्याची तक्रार करायची नाही. बाराला माघारी वळायचे, जेवण वाटेत, आणि तीनच्या आत सर्वजण सिन्नरच्या स्थानकावर. खेड्यांवर जाणाऱ्या मुलींना शेवटच्या गाडीआधीची गाडी मिळाली पाहिजे, ही अट मी बैठकीत मांडणार आहे.