जुने पत्ते कसे वाचावे

घरांतील जुन्या पेटींत सांपडलेलें एखादें पाकीट, बाप्तिस्म्याचा दाखला किंवा शाळा सोडल्याचें प्रमाणपत्र हातीं घेऊन विद्यार्थी आम्हांकडे येतात व विचारतात, "सर, हें ठिकाण कोठें आहे?" आजच्या नकाशांत तें नांव मिळत नाहीं, आणि बहुतेकांचा शोध तेथेंच थांबतो. ही हानि लहान नव्हे. आपल्याकडील जुन्या नोंदींत आडनांव असेलच असें नाहीं. मंडळीच्या रजिस्टरांत नुसतें "शंकर मारुती" असें असतें, पुढें बाप्तिस्म्याच्या वेळीं त्याचा "योहान" होतो, आणि त्याच दशकांत त्याच नांवाचे आणखी दोघे निघतात. त्यांतील आपला पणजोबा कोणता, हें राहण्याच्या ठिकाणावरूनच ठरावयाचें. पत्ता भलताच वाचिला, तर परक्याचे पूर्वज आपल्या वंशावळींत येऊन बसतात आणि आपले दाराबाहेर उभे राहतात.

नमुन्यादाखल आम्ही एक पत्ता रचितों: "रा. रा. यशवंत धोंडिबा, पाटलांचे वाड्यांत, घर नंबर २१४, पंच हौदाजवळ, वेताळ पेठ, पुणें शहर." असा पत्ता नेहमीं शेवटाकडून वाचावा. प्रथम "पुणें शहर". हा शब्द शोभेसाठीं घातलेला नाहीं. पूर्वीं "पुणें शहर" व "पुणें लष्कर" हीं दोन वेगळीं ठिकाणें समजत. लष्कर म्हणजे आज ज्यास आपण कॅम्प म्हणतों तें कॅन्टोन्मेंट. तेथील कारभार निराळा, म्हणून जन्ममृत्यूच्या नोंदींचें दप्तरहि निराळें. लष्करांत वारलेल्या मनुष्याची नोंद शहराच्या दप्तरांत शोधीत बसल्यास जन्म जाईल.

नंतर पेठ. वेताळ पेठ म्हणजेच गुरुवार पेठ. पुण्याच्या वारांच्या पेठांना जुन्या कागदांत दुसरीं नांवें आहेत: शनिवार ती मुर्तजाबाद, रविवार ती मलकापूर, सोमवार ती शहापूर, बुधवार ती मुहियाबाद, शुक्रवार ती विसापूर. नाना पेठ ही पूर्वींची हनुमान पेठ, आणि रास्ता पेठ ही शिवपुरी. हा बदल जुन्या काळापुरताच आहे असें मात्र नव्हे. जोतीराव फुले ज्या गंज पेठेंत राहिले, तिलाच आतां महात्मा फुले पेठ म्हणतात. एकाच घराच्या तीन पिढ्यांच्या कागदांवर पेठेचीं दोन नांवें दिसलीं, म्हणून कुटुंबानें बिऱ्हाड हालविलें असें धरून चालूं नये.

मग खूण. पुण्याचा माणूस रस्त्यापेक्षां देवावर व पाण्यावर अधिक विश्वासे. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, सोट्या म्हसोबा, खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, चिमण्या गणपती! बाहेरगांवच्या वाचकास हीं नांवें थट्टेचीं वाटतात, पण पोस्टमनास तीं पुरेशीं होतीं. पाण्याच्या खुणा तशाच. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजहून नळानें पाणी आणिलें, व शहरांत हौद झाले. काळा हौद, बदामी हौद हीं नांवें लोकांच्या तोंडीं बसलीं. पंच हौद हें नांव तर मिशनलाच चिकटलें, आणि १८९० सालच्या चहाच्या प्रकरणानें तें साऱ्या महाराष्ट्रांत गाजलें. वेताळाच्या पेठेंत ख्रिस्ती मंडळी, व तिची ओळख पांच हौदांवरून, यांत त्या काळच्या कोणालाहि नवल वाटलें नसावें. खूण पत्त्यांत आली म्हणजे ती वस्तु आज उभी असलीच पाहिजे असें नाहीं. ती आळीं, ते बोळ, तेथील वृद्ध माणसें यांनाच विचारावें लागतें, आणि विचारण्यास उशीर करूं नये.

घर नंबराविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुण्यांत हा नंबर रस्त्याचा नसून पेठेचा असतो. २१४ सदाशिव आणि २१४ नारायण हीं दोन निरनिराळीं घरें होत. पेठ गाळून नुसता नंबर उतरून घेणें व्यर्थ आहे. शिवाय म्युनिसिपालिटीचा घर नंबर वेगळा आणि सिटी सर्व्हे नंबर वेगळा. कागदावर "सि. स. नं." असें असेल तर तो भूमापनाचा, त्यावरून मिळकत पत्रिका काढतां येते, व तीवर पूर्वींच्या धारकांचीं नांवें आणि फेरफाराच्या तारखा मिळतात. परंतु तेथें मालकांचींच नांवें, भाडेकरूंचीं नाहींत.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. "पाटलांचे वाड्यांत" याचा अर्थ यशवंत धोंडिबा हा पाटलांचा कोणी होता असा नाहीं. तो बहुधा बिऱ्हाडकरू असावा. "यांचे मार्फत", "यांचे येथें" या शब्दांचेंहि तेंच. वाड्याच्या मालकाचें आडनांव आपल्या वंशावळींत ओढून आणण्याचा मोह आवरावा. पण तें नांव टाकूनहि देऊं नये, कारण वाडा सांपडला म्हणजे घर सांपडलें. भाडेकरूंकरितां शाळेचें जनरल रजिस्टर पाहावें. त्यांत मुलाचें जन्मस्थळ व मागील शाळा दिलेली असते, आणि हा कागद इतर दप्तरांच्या मानानें फार कमी लोक उघडून पाहतात.

मुंबईची रीत निराळी. गिरगांवांतील फणसवाडी, कांदेवाडी, खोताची वाडी या मूळच्या बागा. माडांच्या व फळझाडांच्या बागेस पोर्तुगीज शब्दावरून इंग्रज "ओर्ट" म्हणत, व मराठींत ती वाडी झाली. पुढें बागेंत घरें उठलीं, घरांच्या चाळी झाल्या, पण नांव राहिलें. खेतवाडींत गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळें "७ वी गल्ली" हा पुरा पत्ता होऊं शकतो. मोठ्या रस्त्यांचीं नांवें मात्र पालटलीं. सँढर्स्ट रोड तो सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, लॅमिंग्टन रोड तो डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड तो मौलाना शौकतअली मार्ग, हॉर्नबी रोड तो दादाभाई नवरोजी मार्ग, डिलाईल रोड तो ना. म. जोशी मार्ग. मुंबईच्या खरेदीखतांत एकाच जागेला कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, लॉटनच्या मोजणीचा नंबर, कॅडॅस्ट्रल नंबर आणि रस्त्यावरील नंबर असे चार-पांच आंकडे एकापुढें एक येतात. लॉटनची मोजणी १८६५ ते १८७२ या काळांतील. हे सर्व आंकडे जसेच्या तसे उतरून घ्यावे. पुढें कोणता उपयोगीं पडेल हें आधीं सांगतां येत नाहीं.

गिरणगांवच्या पत्त्यांत आम्हांस सर्वांत अधिक मोल वाटतें. एकाच खोलींत वीस-पंचवीस पुरुषांचीं नांवें आढळलीं तर तीं भाऊबंदांचीं समजूं नयेत. कोंकणांतील व घाटावरील कित्येक गांवांनीं मुंबईंत गांवकीची खोली धरलेली असे. गांवचा कोणीहि गिरणींत कामास लागला कीं त्याची वळकटी तेथें. अशा खोलीवरून नातें कळत नाहीं, पण मूळ गांव कळतें, आणि गांव कळलें कीं पुढील वाट सोपी होते.

त्या गांवच्या पत्त्यांत जिल्ह्याचें नांव पाहावें. "जि. कुलाबा" म्हणजे मुंबईचा कुलाबा नव्हे, १९८१ पासून ज्यास रायगड म्हणतात तो जिल्हा. "जि. दक्षिण सातारा" असें असेल, तर कागद १९४९ ते १९६० मधील, कारण त्यापूर्वीं सातारा अखंड होता व नंतर दक्षिण भाग सांगली झाला. तारीख पुसट झालेल्या पाकिटावर हे दोन शब्द शिक्क्याचें काम करितात. "मुंबई ४" किंवा "पुणें ३०" असा लहान आंकडाहि उपयोगाचा आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा आंकडी पिन सुरू झाला, तेव्हां हेच आंकडे त्याच्या शेवटीं गेले: ४००००४ गिरगांव, ४११०३० सदाशिव पेठ.

कांहीं पत्ते मात्र जागेवर जाऊनहि सांपडणार नाहींत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकांठच्या पेठांतील शेंकडों वाडे पडले, आणि तेथील पुष्कळ कुटुंबें गोखलेनगरसारख्या वसाहतींत गेलीं. वरळी, नायगांव व डिलाईल रोड येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतर सरकारनें बांधिल्या. त्यांच्या पत्त्यांत केवळ चाळ नंबर व खोली नंबर असतो. त्यांच्या जागीं आतां उंच इमारती उठत आहेत. ज्यांच्या घरीं अशा चाळीचा पत्ता असेल त्यांनीं या सुट्टींत आजी-आजोबांजवळ बसून जिना कोणत्या बाजूस होता, शेजारीं कोण राहत, समोर काय दिसे, हें त्या पत्त्याखालींच लिहून ठेवावें.